फिक्स्ड गिअर सायकल: पंक्चर आणि चेन यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिक्स्ड गिअर सायकलीला, म्हणजे आपल्या लाडक्या फिक्सीला, फ्रीव्हील (पेडल थांबवलं तरी चाक फिरू देणारी यंत्रणा) नसतं. मागचा कॉग, म्हणजे मागची दातेरी चकती, हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) पक्का बसवलेला असतो, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पेडल फिरतं आणि पेडल थांबवलं की चाकालाही थांबावं लागतं. मागच्या टायरला वेग देणारी आणि त्याच टायरला रोखणारी गोष्ट एकच: चेन. म्हणून या सायकलीवर 'पंक्चर काढणं' आणि 'चेन सांभाळणं' ही दोन वेगळी खाती नाहीत. खालचे बहुतेक प्रश्न पंक्चरपासून सुरू होतात आणि चेनपाशी येऊन थांबतात, ते यामुळेच.

फिक्सीचं पंक्चर इतर सायकलींपेक्षा वेगळं काय?

ट्यूब तीच, टायर तोच, सोल्यूशनही तेच. फरक मागचं चाक काढण्या-घालण्यात आहे. गिअरच्या सायकलीत चेनचा झोल डिरेलर आपोआप ओढून घेतो. फिक्सीत असं काहीच नसतं. एक्सल, म्हणजे चाकाचा आस, फ्रेमच्या खाचेत नेमका कुठे घट्ट केला आहे, त्यावर चेनचा ताण ठरतो. चाक काढलं की तो ताण गेला, आणि परत बसवताना तो नव्याने जुळवावा लागतो. पुढच्या चाकाचं पंक्चर मात्र कुठल्याही साध्या सायकलीसारखंच.

चालवताना अचानक हवा गेली तर थांबायचं कसं?

पहिली गोष्ट, स्किड मारू नका, म्हणजे पेडल पायांनी रोखून मागचं चाक घसरवत थांबू नका. सवयीने पाय आपोआप ताठ होतात, पण हवा गेलेला मागचा टायर रिमवरून सुटून सायकल आडवी व्हायला वेळ लागत नाही. शिवाय ट्यूबच्या चिंध्या होतात आणि दहा मिनिटांचं काम नव्या ट्यूबवर जातं.

मागची हवा गेली असेल तर वजन थोडं पुढे घ्या, पुढचा ब्रेक हलक्या हाताने दाबत जा आणि पायांनी फक्त किंचित विरोध करा. पुढची हवा गेली असेल तर उलट: पुढच्या ब्रेकला हात लावू नका, हँडल सरळ धरा आणि सगळा वेग पायांनी, हळूहळू उतरवा. दोन्ही वेळा वळू नका. वेग बराच उतरल्यावरच पाय पेडलच्या पट्ट्यांतून सोडवा, कारण पेडल फिरतच असतात आणि सुटलेला पाय पुन्हा त्यावर ठेवणं या गडबडीत जमत नाही.

यावरून पुढच्या ब्रेकचा मुद्दा निघतोच. पाय हाच ब्रेक आहे, दुसरा कशाला, असं मानणारे बरेच भेटतात. पण चेन तुटली किंवा उतरली की तो पायातला ब्रेकही त्याच क्षणी गेला. रस्त्यावर चालवायची असेल तर पुढचा ब्रेक बसवाच.

सोबत काय बाळगावं?

१५ मिलिमीटरचा पाना. हे सगळ्यांत आधी, कारण फिक्सीच्या मागच्या चाकाला क्विक रिलीज (पान्याशिवाय चाक सोडवणारा खटका) क्वचितच असतं आणि जवळ पाना नसेल तर दहा नव्या ट्यूबाही निरुपयोगी. पुढच्या चाकाचा नट काही सायकलींवर १४ चा असतो. घरीच एकदा लावून बघा. बाकी एक ट्यूब, पॅचची डबी, प्लॅस्टिकच्या दोन टायर लिव्हर, छोटा पंप आणि एक चिंधी. चिंधी विसरू नका, चेन हाताळल्यावर तिची किंमत कळते.

पाना आखूड घेऊ नका. एक्सलचे नट चांगले आवळलेले असावे लागतात, आणि बोटभर लांबीच्या पान्याने ते ना सुटत ना पक्के बसत.

मागचं चाक काढायचं कसं? चेन अडकून बसते.

बहुतेक फिक्सींच्या फ्रेममध्ये एक्सलची खाच मागच्या बाजूला उघडी असते. नवशिका नट सैल करतो, चाक मागे ओढतो आणि चेन ताणली जाऊन सगळंच अडतं. चाक आधी पुढे सरकवायचं असतं.

दोन्ही नट सैल करा, पूर्ण काढू नका. चाक पुढे, पेडलांच्या दिशेने ढकला म्हणजे चेन लोंबेल. सायकल स्थिर असताना चेन कॉगवरून उचला आणि उजव्या खाचेच्या बाहेरच्या अंगाला फ्रेमवर लटकवून ठेवा. आता चाक सरळ मागे ओढलं की निघतं. चेन टेन्शनर (एक्सल मागे ओढून धरणारा स्क्रू) लावलेला असेल तर त्याचा स्क्रू आधी सैल करावा लागतो. आणि वॉशर कुठल्या क्रमाने होते ते बघून ठेवा. फ्रेमच्या आत कोणता, बाहेर कोणता, हे परत बसवताना हमखास आठवत नाही.

ट्यूबमधलं भोक सापडतच नाही. काय करू?

ट्यूब नेहमीच्या दुप्पट जाडीची होईल इतकी हवा भरा. फुगली की भोकही ताणून मोठं होतं. मग ती गालाजवळून किंवा ओठांजवळून हळूहळू फिरवा. ओठांना बारीक झुळूकही कळते, बोटांना ती कळत नाही. तरीही नाही सापडलं तर पाण्यात बुडवून बुडबुडे बघा आणि वॉल्व्हही बुडवून बघायला विसरू नका. भोक सापडलं की लगेच बॉलपेनने त्याभोवती मोठी फुली मारा. हवा सोडल्यावर ते डोळ्यांसमोरून गायब होतं.

भोक कुठे आहे, यावरून काही कळतं का?

बरंच काही. पंक्चर काढणारा आणि पंक्चर होण्याचं कारण काढणारा, यांतला फरक इथेच दिसतो.

ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला एकच भोक असेल तर काहीतरी टायर फोडून आत आलंय. ते बहुधा अजून टायरमध्येच असतं.

शेजारी शेजारी दोन बारीक चिरा, साप चावल्यासारख्या, असतील तर हवा कमी होती. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटली गेली. पॅच लावून सुटत नाही हा प्रश्न, पंपाने सुटतो.

भोक आतल्या अंगाला, रिमकडच्या बाजूला असेल तर रिम टेप सरकली आहे किंवा एखादा स्पोक टेपमधून वर आला आहे. टायर कितीही चांगला घ्या, टेप नीट करेपर्यंत हे पंक्चर होतच राहणार.

आणि वॉल्व्हच्या मुळाशी फाटलं असेल तर ती ट्यूब गेली. तिथे पॅच धरत नाही. पंप लावताना वॉल्व्ह एका हाताने न धरता पंपाचं डोकं वाकडंतिकडं हलवलं की असं होतं. फिक्सीत आणखी एक कारण असतं: हवा कमी असताना जोरात स्किड मारली तर टायर रिमवर किंचित सरकतो, ट्यूबलाही ओढतो, आणि वॉल्व्ह तिरका होऊन मुळाशी चिरतो. तुमचा वॉल्व्ह रिममधून सरळ न येता कललेला दिसत असेल तर हवा सोडा, टायर मागे सरकवा, वॉल्व्ह सरळ करा आणि पुन्हा भरा.

त्याच जागी पुन्हा पुन्हा पंक्चर होतंय. टायरमध्ये तर काहीच दिसत नाही.

दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं. माझ्याच मागच्या चाकाचं एकदा चार दिवसांत तीनदा पंक्चर झालं. दर वेळी टायरच्या आतून बोटं फिरवली, काही लागलं नाही. तिसऱ्या वेळी कापसाचा बोळा आतून फिरवला तेव्हा एका जागी त्याचे दोन-तीन तंतू अडकून राहिले. टायर तिथे उलटा दुमडला तरी फक्त एक काळा ठिपका दिसत होता. चिमट्याने ओढला तर केसाएवढी, जेमतेम चार मिलिमीटर लांबीची पोलादी तार निघाली. मोटारींच्या टायरमध्ये अशा तारा असतात. टायर फुटून फाटले की त्या रस्त्यावर विखुरतात. वजन पडलं की ती तार आत यायची, वजन उतरलं की परत रबरात लपायची. माझं बोट तिच्यावरून तीनदा गेलं होतं.

म्हणून कापूस वापरा. आणि टायर रिमवर बसवताना एक शिस्त पाळा: टायरवरचं नाव नेहमी वॉल्व्हसमोर आणायचं. मग ट्यूबवर भोक वॉल्व्हपासून वीतभर दूर सापडलं, तर टायरमध्येही दोन्ही बाजूंना वीतभर अंतरावरच शोधायचं. अख्खा टायर चाचपत बसावं लागत नाही.

पॅच दोन दिवसांत सुटतो. सोल्यूशन खराब आहे का?

शक्यता कमी. बहुतेक वेळा घाई खराब असते.

भोकाभोवतीची जागा पॅचपेक्षा थोडी मोठी घासा. रबराची चमक जाऊन ते मळकट काळं दिसायला हवं. ट्यूबवर साच्याची एक उभी रेघ असते, तिच्यावर भोक असेल तर ती रेघ घासून पूर्ण सपाट करा. नाही तर पॅचखालून नेमकी तिथूनच हवा वाट काढते. सोल्यूशनचा पातळ थर द्या. जाड थर म्हणजे पक्का पॅच, हा गैरसमज आहे. आणि मग थांबा. तीन ते पाच मिनिटं, थर कोरडा होऊन त्याची ओली चकाकी जाईपर्यंत. हा साधा डिंक नव्हे. त्यातला द्राव उडून गेल्यावरच पॅचचं रबर ट्यूबच्या रबराशी खऱ्या अर्थाने जुळतं. ओल्या थरावर लावलेला पॅच त्या दिवशी धरल्यासारखा वाटतो आणि परवा सुटतो.

पॅच लावल्यावर मधून कडांकडे अंगठ्याने जोरात दाबा. वरचा पारदर्शक कागद कडेने खेचू नका, पॅचही त्याच्याबरोबर उचलला जातो. ट्यूब किंचित ताणली की कागद मध्ये तडकतो, तिथून बाहेरच्या दिशेने काढा. नाही निघाला तर राहू द्या, तो काही नुकसान करत नाही. शेवटी थोडी टाल्कम पावडर चोळली की उरलेलं सोल्यूशन टायरला चिकटत नाही.

बिनसोल्यूशनचे स्टिकरसारखे पॅच मिळतात. घरी पोचण्यापुरते ठीक.

रस्त्यात पॅच लावावा की ट्यूबच बदलावी?

रस्त्यात ट्यूब बदला. पॅच घरी, निवांत. अंधारात, पावसात लावलेला पॅच क्वचितच धड लागतो.

टायरचा शेवटचा भाग रिमवर चढतच नाही. बोटं सोलली.

रिमच्या मधोमध एक खोलगट पन्हळ असते. टायरची कड त्या पन्हळीत असेल तर तिचा घेर लहान होतो आणि तेवढी ढील शेवटच्या भागाला मिळते. बसवायला वॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करा आणि वॉल्व्हपाशी संपवा. शेवटची वीतभर कड उरली की चाक पोटाशी धरून, समोरच्या टोकापासून दोन्ही हातांनी टायर दाबत दाबत वॉल्व्हकडे या. कड पन्हळीत उतरते आणि ढील पुढे सरकते. मग तळव्याच्या टाचेने ढकललं की 'टप्' करून बसतो. शेवटचा भाग लिव्हरने चढवायचा मोह टाळा. ट्यूब चिमटीत सापडून नवं पंक्चर तिथेच तयार होतं. स्क्रू ड्रायव्हरचं तर नावच काढू नका.

बसल्यावर वॉल्व्ह एकदा आत ढकलून पुन्हा बाहेर ओढा आणि दोन्ही बाजूंनी सगळीकडे टायर बाजूला सारून बघा. ट्यूब कुठेही कडेखालून डोकावता कामा नये.

हवा किती भरावी?

टायरच्या बाजूवर कमाल आकडा छापलेला असतो. ती मर्यादा आहे, सल्ला नाही. ७० किलोच्या आसपास वजन असलेल्याने ७००×२५ च्या (२५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी) टायरमध्ये ८५ ते ९५ पीएसआयपासून (हवेच्या दाबाचं एकक) सुरुवात करावी, २८ मध्ये ७० ते ८०, ३२ मध्ये ५५ ते ६५. मागे पाचेक पीएसआय जास्त, कारण वजन मागे जास्त पडतं. अंगठ्याने दाबून अंदाज घेणाऱ्यांनी एकदा गेज लावून बघावं. ६० आणि ९० मधला फरक अंगठ्याला कळत नाही.

अरुंद टायरमध्ये मुळात हवा कमी मावते, त्यामुळे पंक्चर नसतानाही आठवड्याभरात दाब चांगलाच उतरतो.

मागचा टायर एकाच जागी झिजतो आणि तिथेच पंक्चर होतं. असं का?

हा खास फिक्सीचा आजार. स्किड मारताना तुमचे पाय दर वेळी साधारण त्याच स्थितीत थांबतात, म्हणजे क्रँक (पेडलचा दांडा) आडवा आणि ठरलेला पाय पुढे. क्रँक आणि चाक चेनने बांधलेले असल्यामुळे टायरचा ठरावीकच भाग जमिनीवर घासतो. असे किती भाग असतील, हे पुढचं चेनव्हील (क्रँकवरची दातेरी चकती) आणि मागचा कॉग यांच्या दातांच्या आकड्यांवर ठरतं.

हिशेब सोपा आहे. पुढचे दात आणि मागचे दात यांचा अपूर्णांक संक्षिप्त करा. छेदाचा आकडा म्हणजे स्किडच्या जागा. पुढे ४८, मागे १६ असेल तर ३/१, म्हणजे एकच जागा! सगळ्या स्किड टायरच्या त्याच तळहाताएवढ्या भागावर. ४४ आणि १६ चे ११/४, म्हणून ४ जागा. ४६ आणि १६ चे २३/८, म्हणून ८. ४८ आणि १७ ला भागच जात नाही, म्हणून थेट १७. मागचा एक दात वाढवला, तर टायरचं आयुष्य कुठल्या कुठे जातं. दोन्ही पाय आलटून पालटून पुढे ठेवून स्किड मारणाऱ्यांसाठी एक बोनस: संक्षेप केल्यावर अंशाचा आकडा विषम असेल तर जागा दुप्पट होतात. म्हणजे ४६/१६ च्या ८ च्या १६, पण ४८/१७ च्या १७ च्या १७च.

लगेच कॉग बदलायचा नसेल तर दर पंक्चरच्या वेळी टायर रिमवर थोडा फिरवून बसवा, म्हणजे झीज नव्या जागी सुरू होते. नाव वॉल्व्हसमोर ठेवायची वरची शिस्त मग मोडते, त्याऐवजी वॉल्व्हसमोर टायरवर खडूने किंवा पेनाने खूण करा. आणि रबराखालचे दोरे दिसायला लागले असतील तर खुणा-बिणा राहू द्या, टायर टाकून द्या.

चाक परत बसवताना चेनचा ताण किती ठेवायचा आणि कसा?

किती: वरच्या चेनच्या मधोमध बोटाने वर-खाली केल्यावर एकूण अर्धा इंचभर हलली पाहिजे, आणि हे मोजायचं ते चेन जिथे सर्वांत घट्ट असते त्या स्थितीत. अजिबात न हलणारी चेन पेडल मारताना करकरते आणि हबच्या व बीबीच्या (फ्रेममध्ये क्रँकचा आस जिथे फिरतो त्या भागाच्या) बेअरिंगवर ताण टाकते. फार सैल असेल तर पाय मागे दाबताना आधी एक 'धप्' असा झटका बसतो आणि मग चाक पकड घेतं. वेगात चेन उतरली तर मागचं चाक जागच्या जागी लॉक होऊ शकतं. दोन्हींत चूक करायचीच तर किंचित सैलच्या बाजूने करा.

कसं: एका हाताने चाक मागे ओढून दुसऱ्या हाताने नट आवळायचा प्रयत्न सगळे करतात आणि सगळ्यांचं चाक तिरकं बसतं. त्यापेक्षा चाक 'चालवत' मागे न्या. चेन कॉगवर चढवा, चाक हाताने जमेल तेवढं मागे ओढा आणि दोन्ही नट बेताचे आवळा. आता उजवा नट, म्हणजे चेनकडचा, सैल करा. डावा तसाच राहू द्या. बीबीच्या मागे, फ्रेमच्या दोन आडव्या नळ्यांमध्ये टायरचा जो भाग दिसतो तो पंजाने उजवीकडे ढकला. एक्सलचं उजवं टोक मागे सरकतं आणि चेन ताणली जाते. तिथे उजवा नट आवळा. मग डावा सैल करा आणि टायर दोन नळ्यांच्या मधोमध येईपर्यंत डावीकडे ढकला. आता डावं टोक मागे आलं. आवळा. एकदा हाताला जमलं की अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि चेन टेन्शनरशिवाय होतं.

शेवटी दोन्ही नट जोर लावून, दोन-तीन टप्प्यांत आलटून पालटून घट्ट करा. एकच बाजू एकदम आवळली तर चाक पुन्हा हलतं. थोडं चालवून झाल्यावर परत एकदा पाना लावून बघा.

क्रँक फिरवला की चेन एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल होते. चेन वाकली आहे का?

चेन नाही, पुढचं चेनव्हील. ते क्रँकवर अगदी मधोमध बसलेलं नसतं. थोडा फरक प्रत्येक सायकलीत असतो, पण खूप असेल तर दुरुस्त करता येतो. चेनव्हीलचे पाच बोल्ट किंचित सैल करा, इतकेच की चेनव्हील जोर लावल्यावर सरकेल. क्रँक हळू फिरवून चेन सर्वांत घट्ट होते तिथे थांबवा आणि त्या ताणलेल्या चेनवर पान्याच्या मुठीने हलकेच टोला द्या. चेनव्हील केसभर सरकतं. पुन्हा फिरवा, पुन्हा सर्वांत घट्ट जागा शोधा, पुन्हा टोला. फरक कमी झाला की बोल्ट एकाआड एक आवळत जा. मात्र फिरवताना बोटं चेनपासून लांब, कारण पुढचा प्रश्न.

चेन पुसताना बोट कापतं म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. साध्या सायकलीत चिंधी किंवा बोट चेनमध्ये गेलं तर पेडल सोडलं की चेन थांबते. फिक्सीत ती थांबत नाही. फिरत्या चाकात जो वेग साठलेला असतो तो चेनला ओढतच राहतो आणि बोट कॉगच्या दातांखाली नेतो. स्टँडवर चढवलेल्या सायकलीचं चाक एका हाताने गरागरा फिरवायचं आणि दुसऱ्या हातात चिंधी धरून चेन पुसायची, ही पद्धत फिक्सीसाठी नाहीच. बोटाचं टोक गमावण्याची ही सर्वांत सोपी रीत आहे.

चेन पुसायची तर चाक थांबलेलं असताना, वीतभर तुकडा पुसा, चिंधी बाजूला घ्या, क्रँक थोडा फिरवा, पुन्हा पुसा. वेळ लागतो. लागू द्या. फिरवताना लोंबता दोरा, सैल बाही, उघडी बुटाची नाडी जवळ नको.

तेल कोणतं आणि किती घालायचं?

चेनच्या बाहेर दिसणारं तेल काही कामाचं नसतं. झीज होते ती रोलरच्या, म्हणजे पिनभोवतीच्या बारीक नळीच्या आत, पिनवर. तिथवर पोचलेलं तेल काम करतं, बाहेर राहिलेलं धूळ गोळा करतं, आणि तेल-धुळीचा तो काळा लगदा म्हणजे पॉलिश पेपरच.

म्हणून चेनच्या खालच्या भागाच्या आतल्या बाजूने, एका रोलरवर एकच थेंब. शंभरेक रोलर असतात, कंटाळा येतो. सुरुवात कुठून केली ते कळायला मास्टर लिंक, म्हणजे चेन जोडणारी-उघडणारी कडी, उपयोगी पडते. दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या आणि मग कोरड्या चिंधीने बाहेरून पुसता येईल तितकं सगळं पुसून काढा. पुसणं हा तेल घालण्याचाच निम्मा भाग आहे.

कोरड्या, धुळीच्या रस्त्यांवर पातळ किंवा मेणाचं ल्युब बरं. ओल्या दिवसांत जरा दाट. स्वयंपाकाचं तेल काही दिवसांत चिकट होतं, ते नको. ग्रीस बाहेरून फासणं तर धुळीला आमंत्रणच. गंज सोडवायचे जे स्प्रे मिळतात ते पाणी हटवायला आणि साफ करायला चांगले, पण चेनवर टिकून राहणारं वंगण म्हणून त्यांच्यावर विसंबू नका.

पावसात भिजली. आता?

त्याच दिवशी कोरडी पुसा आणि तेल घाला. रात्रभर तशीच ठेवलीत तर सकाळी केशरी दिसेल.

चेन 'वाढली' हे कसं ओळखायचं?

चेन रबरासारखी ताणली जात नाही. प्रत्येक पिन आणि तिच्याभोवतीचा भाग झिजतो, आणि शंभर जागची ती बारीक झीज मिळून लांबी वाढते. चेनची पिच, म्हणजे लगतच्या दोन पिनमधलं अंतर, १/२ इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. त्यामुळे नव्या चेनच्या २४ कड्या पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत बरोबर १२ इंच, ३०४.८ मिलिमीटर भरतात. पोलादी पट्टी लावून मोजा. ३०७ च्या आसपास आली की नवी चेन घ्या, ३०८ म्हणजे एक टक्का वाढ झाली, उशीर झाला.

फिक्सीत ही झीज लपून राहते. गिअरच्या सायकलीत झिजलेली चेन दातांवरून घसरून स्वतःच तक्रार करते. इथे मात्र तुम्ही चाक थोडं मागे सरकवता, ताण जमतो, आणि विषय तिथेच मिटल्यासारखा वाटतो. आत ती चेन कॉगचे दात खातच असते. एक्सल दर महिन्याला थोडा थोडा मागे जातोय, हे लक्षात आलं की पट्टी बाहेर काढा.

१/८ ची चेन घ्यावी की ३/३२ ची?

हा चेनच्या आतल्या रुंदीचा आकडा, इंचांत. कॉग आणि चेनव्हील दोन्ही ३/३२ चे असतील तर दोन्ही चेन चालतात. दोघांतलं एक जरी १/८ चं असेल तर १/८ चीच घ्यावी लागते, कारण अरुंद चेन रुंद दातांवर बसतच नाही.

मास्टर लिंकची क्लिप उलटी लागली तर काय होतं?

ती क्लिप माशासारखी दिसते. माशाचं तोंड, म्हणजे बंद टोक, चेन धावते त्या दिशेला हवं आणि फाटलेली शेपटी मागे. उलटी लावली आणि शेपटी कुठे अडकली तर क्लिप उडू शकते. आणि क्लिप उडाली की चेन, आणि चेनबरोबर पायातला ब्रेकही. दर वेळी तेल घालताना तिच्याकडे एक नजर टाका. कॉग आणि चेनव्हील एका सरळ रेषेत नसतील तर तिरकी चेन क्लिपला घासते, म्हणून मागून एक डोळा मिटून ती रेषाही तपासा.

पुढे-मागे पाय दाबताना कॉग 'कट्' वाजतो. लॉकरिंग आवळायची कुठल्या दिशेने?

लॉकरिंग म्हणजे कॉग सुटू नये म्हणून त्यावर बसणारी कडी. ती आवळायची डावीकडे, घड्याळाच्या उलट. कॉगचे आटे सरळ असतात आणि लॉकरिंगचे उलटे. पाय मागे दाबता तेव्हा कॉग सुटायला बघतो, पण तो सुटू पाहतो त्याच दिशेने लॉकरिंग आवळली जाते, म्हणून दोघं एकमेकांना अडकवून ठेवतात. 'कट्' आवाज म्हणजे कॉग थोडा हलतोय. लगेच थांबा, तसंच स्किड मारत राहिलात तर हबचे आटे सोलून निघतात आणि मग हबच बदलावा लागतो.

चेन-व्हिपने (चेनचा तुकडा जोडलेल्या दांड्याने) कॉग आधी पूर्ण आवळा, मग लॉकरिंग. एखादी चढण जोर लावून चढा, म्हणजे कॉग आणखी बसेल, आणि घरी येऊन लॉकरिंग पुन्हा एकदा आवळा. फ्रीव्हीलच्या साध्या हबवर, लॉकरिंगशिवाय कॉग चढवायचा जुगाड काही जण करतात. करू नका.

एका दाताने मोठा कॉग लावला. चेनही नवी लागेल का?

बहुधा नाही. एका दाताच्या फरकाने एक्सल साधारण ३ मिलिमीटर सरकतो. मोठा कॉग लावला तर पुढे, लहान लावला तर मागे. खाचेत तेवढी जागा असेल तर तीच चेन चालते. नसेल तर चेनची एक जोडी कडी, म्हणजे एक इंच, कमी-जास्त करावी लागते आणि एक्सल अर्धा इंच हलतो.

नवी चेन घेतली की कॉगही बदलायचा का?

चेन वेळेत बदललीत तर नाही. कॉगचे दात बघा: नवा दात दोन्ही बाजूंनी सारखा उतरता असतो, झिजलेला एका बाजूला कलून लाटेसारखा दिसतो. फिक्सीत पाय मागेही दाबला जात असल्याने दात कधी कधी दोन्ही बाजूंनी झिजून नुसते अणकुचीदार होतात, आणि मग ते कललेले नाहीत म्हणून चांगले वाटतात. नवी चेन घालून क्रँक हळू फिरवा. चेन दाताच्या टोकावर चढून मग 'टक्' करून खाली बसत असेल, तर त्या कॉगवर ती नवी चेन घालू नका. जुनीबरोबर कॉगही उतरवा.